दह्याच्या टाकीतला इनलाइन पीएच: जागा निवडण्यापासून लॅबशी जुळवण्यापर्यंत

दह्याच्या टाकीवर इनलाइन पीएच, म्हणजे टाकीतच बसून आम्लता सतत मोजणारा प्रोब (आकडा जितका कमी तितकं दही आंबट), बसला की थोड्याच दिवसांत एक वाद हमखास उभा राहतो. पॅनलवर ४.६० दिसतंय, लॅबवाले म्हणतात ४.४८. ऑपरेटर पॅनल धरून बसतो, क्वालिटीवाले लॅब धरून बसतात, आणि बॅच दोघांचंही न ऐकता आंबत राहते. मग कोणीतरी ट्रान्समीटरचा (प्रोबचा सिग्नल वाचून पॅनलला आकडा पाठवणाऱ्या यंत्राचा) ऑफसेट, म्हणजे आकडा वर-खाली सरकवायची दुरुस्ती, फिरवून आकडा लॅबइतका करून टाकतो. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही महिन्यांनी प्रोब टाकीवर नुसता शोभेला उरतो आणि दही कधी मोडायचं (ढवळून थंड करायला घ्यायचं) ते पुन्हा बीकरमध्ये ठरू लागतं.

यात प्रोब खराब निघण्याचं प्रमाण फार कमी. बहुतेक वेळा दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, फक्त ते एकाच वस्तूचे, एकाच क्षणाचे, एकाच तापमानाचे नसतात. म्हणून इथे खरेदी आणि बसवणी यांना जेवढी जागा लागते तेवढीच दिली आहे. जास्त जोर आहे तो दोन आकडे जुळवण्यावर आणि त्या आकड्यावर निर्णय कसा घ्यायचा यावर. उदाहरण स्टर्ड (टाकीत धरवून मग ढवळलेलं) दही किंवा योगर्टच्या टाकीचं घेतलंय. चक्का, पनीर, चीज यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी ठरवा: पीएच लावायचा कुठे?

कच्च्या दुधाच्या रिसेप्शन लाइनवर पीएच लावायचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. गाई-म्हशीचं चांगलं दूध २५ अंशांना ६.६ ते ६.८ मध्ये असतं आणि दुधातली प्रथिनं, फॉस्फेट, सायट्रेट आम्ल पचवून घेतात, त्यामुळे दूध बिघडू लागलं तरी सुरुवातीला पीएच जेमतेम हलतो. शिवाय कोणी सोडा घालून आंबट दूध सावरलं असेल तर पीएच अगदी साळसूद दिसतो. तिथे सीओबी (दूध उकळून फाटतं का पाहणं), अल्कोहोल टेस्ट आणि न्यूट्रलायझर (असा आम्ल मारणारा सोडा) ओळखायला रोझॉलिक अ‍ॅसिड यांना पर्याय नाही. पाणी कुठे संपलं आणि दूध कुठे सुरू झालं, धुताना वापरलेलं कॉस्टिक पूर्ण निघालं का, हे ओळखायलाही पीएच नको. ते काम कंडक्टिव्हिटी (वीजवहन मोजणारा) प्रोब स्वस्तात, पटकन आणि काही वर्षं विनातक्रार करतो.

पीएचने पैसे वसूल होतात ते जिथे आम्लता वेगाने बदलते आणि त्या बदलावर एखादा व्हॉल्व्ह उघडायचा असतो तिथे. दह्याची टाकी, पनीर किंवा केसीनसाठी (दुधातलं मुख्य प्रथिन) आम्ल सोडायची लाइन, मोझरेलाचा दही-गोळा ताणायच्या आधीचा टप्पा (साधारण ५.२), चक्क्याच्या सेपरेटरकडे जाणारं दही. आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. खरं तर संपूर्ण प्लांटमध्ये शिकायला सगळ्यात सोयीची जागा ईटीपीची न्यूट्रलायझेशन टाकी: तिथे हायजीनिक फिटिंग लागत नाही आणि हात बसेपर्यंत चुका झाल्या तरी माल जात नाही.

चक्क्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. श्रीखंड कारखान्यात नेताना बडोद्याच्या सुगम डेअरीने फडक्याऐवजी क्वार्क सेपरेटर (दही वेगाने फिरवून निवळी वेगळी करणारं यंत्र) वापरला आणि पुढे ती पद्धत रुळली. फडक्यात बांधलेलं दही थोडं कमी-जास्त आंबट असलं तरी निथळतं. सेपरेटर तेवढा समजूतदार नसतो. केसीन सर्वांत चांगलं एकत्र येतं ते ४.६ च्या आसपास. दही त्याआधीच, म्हणजे ४.८ वगैरेला सेपरेटरमध्ये गेलं, तर बारीक प्रथिन निवळीबरोबर वाहून जातं. उतारा घटतो आणि दोष मशीनवर येतो. सेपरेटरच्या आधीचा एक प्रोब हा हिशेब लगेच उघडा पाडतो.

प्रोब निवडताना

डेअरीत चालणारा नेहमीचा प्रोब म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, १२० मिलिमीटर लांब, पीजी १३.५ आट्याचा काचेचा कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड (मोजणारी काच आणि तुलनेचा रेफरन्स एकाच नळीत). त्यातच तापमानाचा सेन्सर असला पाहिजे. वेगळा थर्मोवेल (तापमान-सेन्सरची नळी) लावून काम भागवू नका, कारण टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यातलं तापमान घेऊन केलेली दुरुस्ती निरर्थक असते.

काच म्हटलं की क्वालिटी विभाग कपाळाला आठ्या घालतो, आणि ते रास्तच आहे. काच नको असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला आयस्फेट. त्यात काचेऐवजी चिप असते, थंड दुधातही तो पटकन उत्तर देतो, पण गरम कॉस्टिक त्याला मानवत नाही. दुसरा एनॅमलचा प्रोब. तो सीआयपी (टाकी न उघडता आतल्या आत रसायनांनी धुणं) सहन करतो, टिकतो, आणि किंमत ऐकून खरेदी विभाग गप्प होतो. काच घेणार असाल तर प्रोबला स्टीलची जाळीदार संरक्षक नळी घ्या आणि प्रत्येक बॅचनंतर बल्ब (टोकाचा काचेचा फुगा) शाबूत आहे हे पाहून सही करायची नोंद ठेवा. बल्ब फुटलेला सापडला तर ती बॅच होल्डवर, हा नियम प्रोब बसवायच्या आधी लिहून झालेला असावा.

बल्बइतकंच महत्त्व रेफरन्सच्या जंक्शनला, म्हणजे रेफरन्सचं द्रावण जिथे दुधाला भिडतं त्या सच्छिद्र जागेला. साध्या सिरॅमिक जंक्शनची छिद्रं दुधातल्या प्रथिनाने बुजतात. त्यात इलेक्ट्रोलाइटमधली चांदी प्रथिनाला धरून बसते आणि जंक्शन काळं पडतं. म्हणून चांदी अडवणारा, दाब दिलेला जेल किंवा उघड्या जंक्शनचा पॉलिमर इलेक्ट्रोलाइट मागा. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर विचारून घ्या, कारण दुधात प्रोब मरतो तो बहुधा इथूनच.

पैसे थोडे जास्त असतील तर ते डिजिटल कनेक्टरवर घाला. मेमोसेन्स, आयएसएम या पद्धतींत कॅलिब्रेशनची माहिती प्रोबच्या डोक्यातच साठते. लॅबच्या टेबलावर, उजेडात, शांतपणे कॅलिब्रेट करायचं आणि टाकीवर नेऊन फक्त जोडायचं. रात्रपाळीत शिडीवर उभं राहून बफरच्या (ठरावीक पीएचच्या द्रावणाच्या) बाटल्या सांभाळणाऱ्या माणसाकडून अचूक कॅलिब्रेशनची अपेक्षा करणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

बसवणी

काचेचा प्रोब आडवा किंवा उलटा बसवायचा नाही. बल्बमधला हवेचा बुडबुडा वर राहायला हवा, म्हणून तोंड खाली करून आडव्या रेषेपासून किमान १५ अंश तिरका ठेवतात. टाकीत जागा खालच्या तिसऱ्या भागात, म्हणजे अर्धी बॅच घेतली तरी बल्ब दुधात बुडालेला राहतो. जॅकेटच्या गरम पाण्याच्या इनलेटजवळ मात्र नको. विरजण लागल्यावर अ‍ॅजिटेटर (ढवळणारा पंखा) बंद असतो, दही जागच्या जागी धरतं, त्यामुळे प्रोब सांगतो तो आकडा त्याच्या आसपासच्या दह्याचा. तो कोपरा बाकी टाकीपेक्षा दोन अंश गरम असेल तर तिथलं दही पुढे पळतं आणि पॅनल घाई करतं.

पाइपमध्ये बसवताना प्रवाह वर जाणाऱ्या उभ्या नळीत बसवा, म्हणजे नळी भरलेली राहते. आम्ल सोडायच्या लाइनवर अंतराचा प्रश्न येतो. मिक्सरच्या अगदी जवळ बसवलात तर अर्धवट मिसळलेलं आम्ल दिसतं आणि आकडा नाचतो. फार लांब बसवलात तर पीएलसीला (पंप-व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरला) उशिरा कळतं, तोवर डोसिंग पंप जास्त आम्ल ओतून मोकळा झालेला असतो. आधी जवळचं ठिकाण घेऊन पाहा, नाच थांबेपर्यंत पुढे सरका.

प्रोब सहज काढता आला पाहिजे. मोठ्या प्लांटमध्ये रिट्रॅक्टेबल फिटिंग घेतात: सीआयपी सुरू झालं की प्रोब आपोआप मागे सरतो, आतल्या आत धुतला जातो, हवं तर बफरही तिथेच मिळतो. रोजची एक-दोन बॅच असलेल्या डेअरीला ते परवडणार नाही. तिथे सीआयपीच्या आधी प्रोब हाताने काढून, जागी ब्लाइंड प्लग लावून, प्रोब वेगळा धुणं हा साधा मार्ग चांगला चालतो. ८० अंशांच्या दीड टक्का कॉस्टिकमध्ये दररोज शिजणारा प्रोब आणि त्यापासून वाचवलेला प्रोब यांच्या आयुष्यात फार मोठा फरक पडतो. प्रोब आतच ठेवणार असाल तर सीआयपी प्रोग्रॅमकडून ट्रान्समीटरला होल्डचा (आकडा तेवढा वेळ गोठवायचा) सिग्नल द्या, नाहीतर रोज रात्री पीएच १३ चा अलार्म वाजेल आणि आठवड्यात लोक सगळेच अलार्म दाबून टाकायला शिकतील.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चुकते: स्केल. ट्रान्समीटर ४ ते ८ पीएचसाठी ४–२० मिलिअँपिअरवर लावलाय आणि पीएलसीत ०–१४ भरलंय. मग ४.६ पीएचला ट्रान्समीटर ६.४ मिलिअँपिअर पाठवतो आणि स्क्रीनवर २.१ दिसतं. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते. ४–८ च्या जागी ४–७ भरलं असेल तर आकडा ४.४५ दिसतो, आणि ही चूक कॅलिब्रेशनच्या नावावर खपून जाते. चालू करायच्या आधी ट्रान्समीटरवरून ४, १२ आणि २० मिलिअँपिअर सोडून तिन्ही ठिकाणी स्क्रीन काय दाखवते ते लिहून ठेवा.

कॅलिब्रेशन, कागदावर

बफर दोनच पुरेत: ७.०० आणि ४.०१. आपलं काम ४ ते ७ मध्येच आहे. बाटलीतून लहान कपात ओता, उरलेला बफर परत बाटलीत ओतू नका, प्रोब डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टिश्यूने टिपा. पुसायचा मात्र नाही, काचेवर चार्ज साठतो आणि आकडा सरकतो.

यंत्र ‘पास’ म्हणालं म्हणून थांबू नका, मिलिव्होल्ट लिहून घ्या. २५ अंशांना नव्याकोऱ्या प्रोबने एका पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट द्यायला हवेत. समजा ७.०० ला +६ आले आणि ४.०१ ला १७४. फरक १६८, भागिले २.९९, म्हणजे ५६.२. तो ५९.१६ च्या ९५ टक्के झाला. हा स्लोप. ७ च्या बफरमध्ये आलेले +६ म्हणजे ऑफसेट. स्लोप ९५ च्या वर आणि ऑफसेट ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर प्रोब ठणठणीत. स्लोप ९० च्या खाली गेला तर आधी साफसफाई, तरी चढला नाही तर नवा प्रोब.

या दोन आकड्यांची वही ठेवली की प्रोब स्वतःच आजार सांगतो. स्लोप हळूहळू उतरतोय, तर काच म्हातारी झालीय किंवा तिच्यावर थर बसलाय. स्लोप ठीक आहे पण ऑफसेट एकाच दिशेला सरकतोय, तर रेफरन्स बिघडतोय. ४.०१ मध्ये आकडा स्थिरावायला मिनिटापेक्षा जास्त लागतंय, तर बहुधा जंक्शनवर प्रथिन बसलंय. कुठल्याही बफरमध्ये ७ च्या आसपासच अडकून बसला असेल, तर बल्बला तडा आहे किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरलीय: शॉर्ट झालेला प्रोब शून्य मिलिव्होल्ट देतो आणि शून्य म्हणजे ७. पंप सुरू झाला की आकडा उडी मारत असेल तर प्रोब सोडा, अर्थिंग तपासा.

लॅबचा आकडा आणि पॅनलचा आकडा

आता मूळ भांडण. लॅब आणि पॅनल जुळत नसतील तर तीन गोष्टी याच क्रमाने तपासा.

पहिली, लॅबच्या मीटरला तापमानाचा प्रोब जोडलेला आहे का? अनेक ठिकाणी तो तुटून ड्रॉवरमध्ये पडलेला असतो आणि मीटर २५ अंशांवर हाताने सेट केलेला असतो. ४२ अंशांच्या दह्यात एका पीएचला ६२.५ मिलिव्होल्ट येतात. दही खरोखर ४.६० असेल तर प्रोब साधारण १५० मिलिव्होल्ट देतो. २५ अंश धरून बसलेलं मीटर त्याला ५९.१६ ने भागतं आणि ४.४६ दाखवतं. हाच नमुना ५ अंशांना थंड करून मोजला तर तेच मीटर ४.७६ दाखवेल. वर म्हटलेल्या भांडणातला फरक पुष्कळदा इतकाच असतो, आणि तो लॅबच्या बाजूचा असतो.

दुसरी, नमुना काढल्यापासून मोजेपर्यंत किती वेळ गेला? गरम दह्याचा कप जिना चढून लॅबमध्ये जातो, तिथे रांगेत थांबतो आणि तोवर आंबतच राहतो. तुलना करायची असेल तर पोर्टेबल मीटर टाकीपाशी न्या, नमुना प्रोबच्या शेजारच्या कॉकमधून घ्या, आधी कॉकमधलं जुनं दही जाऊ द्या, आणि लगेच मोजा. त्याच क्षणी पॅनलचा आकडा लिहा, बॅच शीटवरचा दहा मिनिटांपूर्वीचा नव्हे.

तिसरी, दोन्ही आकडे एकाच तापमानाचे आहेत का? इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ऑटोमॅटिक टेंपरेचर कॉम्पेन्सेशन फक्त प्रोबच्या मिलिव्होल्टची दुरुस्ती करतं, दुधाचा पीएच तापमानाबरोबर खरोखर बदलतो तो बदल भरून काढत नाही. ताजं दूध तापलं की त्यातलं कॅल्शियम फॉस्फेट विद्राव्य रूपातून बाहेर पडतं, हायड्रोजन आयन मोकळे होतात आणि पीएच अंशाला साधारण ०.०१ ने उतरतो. म्हणून ७५ अंशांच्या पनीरच्या दुधात ६.२ दिसलं आणि त्याच दुधाचा थंड नमुना लॅबने ६.७ दाखवला, तर दोघंही खरं बोलतायत. दही झाल्यावर हा परिणाम बराच कमी होतो, पण पनीर आणि केसीनच्या लाइनवर लक्ष्याच्या आकड्याशेजारी तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा कोणाला सांगूच नये.

हे तिन्ही तपासूनही फरक उरला तर तो ०.०५ च्या आत आहे का पाहा. असेल तर हात लावू नका. दुधात इनलाइन प्रोबकडून यापेक्षा जास्त मागणं व्यवहार्य नाही आणि रोज ऑफसेट फिरवला तर तुम्ही नुसत्या चुकांचा पाठलाग करता. फरक ०.१ च्या वर आणि सलग तीन बॅच एकाच दिशेला असेल तर प्रोब काढा, धुवा, बफरमध्ये तपासा. एवढं झाल्यावरच टाकीवरच्या ताज्या नमुन्याशी एक-बिंदू दुरुस्ती करा, आणि कोणी, कधी, कितीने केली ते वहीत जाऊ द्या. ऑफसेट बदलायचा पासवर्ड शिफ्टमध्ये सगळ्यांकडे असू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आकड्यावर निर्णय

४२–४३ अंशांवर योगर्टचं कल्चर (विरजणाचे जिवाणू) चार ते सहा तासांत ४.६ ला आणतं. आलेख पहिला तासभर जवळजवळ सपाट, मग उतार, शेवटी थोडा मंद. दही ४.६ ला आलं की थंड करायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विसरतं ते हे की टाकी एका क्षणात थंड होत नाही. दही कूलरमधून पंपाने काढायला वेळ लागतो आणि टाकीत मागे उरलेलं दही तोवर आंबत असतं.

हिशेब तुमच्याच आलेखावरून काढा. समजा ४.८ ते ४.६ उतरायला ४० मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ०.००५. टाकी रिकामी व्हायला ३० मिनिटं लागत असतील तर पहिल्या आणि शेवटच्या कपात ०.१५ चा फरक पडणार. ४.६२ ला सुरू केलंत तर शेवटचं दही ४.४७ ला निघेल. हे चालतं. पण टाकी दोन तास रिकामी होत असेल तर फरक ०.६ च्या घरात जाऊ पाहतो. आंबवणी पुढे मंदावते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी पडेल, तरी गिऱ्हाइकाला तो जिभेवर कळेल. यावर उपाय म्हणून लोक ट्रिगर वर ढकलतात, ४.७५ ला दही मोडतात, आणि मग दाणेदारपणा आणि सुटलेलं पाणी यांच्या तक्रारी येतात. मोठा कूलर किंवा लहान टाकी हाच खरा इलाज. प्रोब फक्त दुखणं दाखवतो.

कपात लावलेल्या सेट दह्यात प्रोब घालता येत नाही. तिथे इन्क्युबेशन रूममध्ये एक साक्षीदार कप ठेवा: त्याच बॅचचा, रूमच्या मधल्या रॅकवर, झाकणाला भोक पाडून प्रोब आत सोडलेला. तो कप नंतर फेकून द्यायचा.

आलेख सपाट राहिला तर घाबरण्याआधी एक नमुना हाताने मोजा. थर बसलेला प्रोब आणि आजारी कल्चर स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात. हाताचा नमुनाही वर अडकलेला असेल तर आकार बघा. सुरुवातीपासूनच उतार नाही, तर दुधात अँटिबायोटिकचा अंश, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा चुकलेलं तापमान. उतार छान लागला आणि ५.३ वगैरेला अडकला, तर फाजचा (कल्चरचे जिवाणू मारणाऱ्या विषाणूचा) संशय. कल्चर बदला, टाकी आणि लाइन नीट निर्जंतुक करा.

धुणं आणि साठवण

बॅच संपताच प्रोब कोमट पाण्याने धुवा. दही सुकू देऊ नका. तुपकट थर असेल तर साधा डिटर्जंट आणि मऊ ब्रश. प्रथिनाचा थर पेप्सिनने निघतो: ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पेप्सिन विरघळवलेलं तयार द्रावण बाजारात मिळतं, त्यात तासभर बुडवून ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुऊन निदान दोन तास केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात). पांढरट, खरखरीत थर दिसला तर तो मिल्कस्टोन (दुधातल्या क्षारांचा थर), त्याला सौम्य नायट्रिक आम्ल. जंक्शन काळं पडलं असेल तर थायोयुरियाचं द्रावण लागतं. ते हातमोजे घालून लॅबमध्येच वापरा, उत्पादन विभागात आणू नका. यांपैकी काहीही केल्यानंतर पुन्हा कॅलिब्रेशन.

ठेवायचा तो ३ मोलर केसीएलमध्ये, टोपीत. डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेला प्रोब आतून क्षार गमावत जातो. कोरडा राहिलाच तर रात्रभर केसीएलमध्ये बुडवून पाहा, पुष्कळदा तो परत येतो.

सुटे प्रोब वर्षाचे एकदम घेऊन ठेवू नका. ते फळीवर पडल्या पडल्याही म्हातारे होतात. चालू असलेला एक, लॅबमध्ये धुऊन कॅलिब्रेट करून तयार ठेवलेला दुसरा आणि ऑर्डर देताना उत्पादनाची तारीख विचारून मागवलेला तिसरा, एवढ्यावर एका टाकीचं भागतं. बदललेल्या प्रोबवर बसवल्याची आणि काढल्याची तारीख मार्करने लिहा. चार-पाच प्रोब बदलून झाले की तुमच्या सीआयपीत एक प्रोब किती बॅच टिकतो तो आकडा हातात येतो, आणि पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी तोच वापरा.